कुशीवर डोळा, शेपटीला लाल काठ: हा पफर कोणता आणि त्याला मीठ लागतं का?

तुमचा प्रश्न आधी एकत्र मांडतो, म्हणजे उत्तर कशाबद्दल आहे ते इतरांनाही कळेल. तुम्ही सांगलीत विश्रामबागला राहता. तीन आठवड्यांपूर्वी दुकानातून नुसतं 'पफर' म्हणून दिलेले दोन मासे आणलेत, लांबी पाचेक सेंटिमीटर. टाकी दोन फुटी, आत आधीपासून गप्पी आणि मोली. पाणी निम्मं महापालिकेचं आणि निम्मं बोअरचं, बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) १४००. दुकानदार म्हणाला मूठभर मीठ टाका, ओळखीच्या एकाने सांगितलं मीठ टाकलंत तर मासा जाईल. एक मासा दिवसभर फिल्टरमागे दडून बसतो, दुसऱ्याने गप्प्यांच्या शेपट्या कुरतडल्या, आणि दोघंही दाणेदार खाद्याला तोंड लावत नाहीत. तुम्ही विचारलंत: मीठ किती टाकू? की बोअरचं पाणी मुळातच खारट आहे म्हणून तेवढं पुरेल?

मीठ किती हे नंतर ठरतं. आधी मासा कोणता ते ठरायला हवं, कारण 'पफर' हे एका माशाचं नाव नाही, अंग फुगवणाऱ्या माशांच्या अख्ख्या कुळाचं आहे. या कुळात दोनशेच्या आसपास जाती येतात. कोकणातले मच्छीमार जाळी कुरतडणारा म्हणून ज्याच्यावर वैतागतात तो केंड याच कुळातला, समुद्रातला. काही जाती खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात वाढतात आणि काही जन्मभर गोड्या पाण्यात राहतात. त्यामुळे 'पफरला मीठ लागतं' आणि 'पफरला मीठ चालत नाही' ही दोन्ही वाक्यं खरी असू शकतात, फक्त वेगवेगळ्या माशांबद्दल.

तुमचा फोटो अंधारात काढलेला आहे, तरी ओळखायला पुरेशा तीन गोष्टी त्यात दिसतात. पाठ शेवाळी-तपकिरी, तिच्यावर फिकट जाळीसारखी नक्षी. दोन्ही कुशींवर एकेक काळा ठिपका आणि त्याभोवती फिकट कडं, म्हणजे डोळ्यासारखी खूण. आणि शेपटीच्या कडेला लालसर काठ. एवढ्यावरून हा बहुधा लिओडॉन कटकुटिया आहे. जुन्या पुस्तकांत आणि बऱ्याच दुकानांत तो अजून टेट्राओडॉन कटकुटिया म्हणून सापडेल. हा आपल्याच देशातला मासा. निसर्गअभ्यासक हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशांचं वर्णन केलं तेव्हा याची नोंद केली. बंगाल, आसाम, ओडिशा इथल्या नद्या, बिल (पाणथळ सरोवरं) आणि तळ्यांत तो राहतो. बंगालीत अशा माशांना टेपा म्हणतात. परदेशी रंगीत माशांच्या गर्दीत तो क्वचित येतो, म्हणून दुकानदारालाही नाव माहीत नसतं.

'बहुधा' म्हणालो, कारण डोळ्यासारखी खूण असलेला हा एकटाच पफर नाही. तुम्हाला पडताळून पाहता यावं म्हणून ज्यांच्याशी गल्लत होते ते सांगतो.

सगळ्यात जास्त गल्लत फिगर एट पफरशी होते. त्यालाही मागच्या बाजूला कड्यातले काळे डोळे असतात. पण त्याच्या पाठीवर गडद तपकिरी रंगात पिवळ्या-हिरवट रेषांची ठसठशीत वेटोळी असतात, वरून पाहिलं तर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी. शिवाय एक डोळा पाठीवरच्या पराच्या बुडाशी आणि एक शेपटीच्या देठावर, असे एका बाजूला दोन ठिपके दिसतात. तुमच्या माशाला एका बाजूला एकच ठिपका आहे आणि पाठीवर वेटोळी नाहीत.

ग्रीन स्पॉटेड पफर आपल्याकडे सर्रास मिळतो. पिवळसर हिरवी चकचकीत पाठ, तिच्यावर सुटे गोल काळे ठिपके, पोट पांढरंशुभ्र. कड्यातला डोळा नाही, लाल काठ नाही. हा पंधरा सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि मोठेपणी त्याला बऱ्यापैकी खारं पाणी लागतं. दुकानदाराने 'मीठ टाका' म्हटलं ते याच माशाच्या सवयीने असावं.

मिल्क स्पॉटेड पफरच्या तपकिरी पाठीवर दुधाळ पांढरे ठिपके असतात. तो खाडीतला, फूटभराच्या आसपास वाढणारा. घरच्या टाकीचा विषयच नाही. उरला पी पफर, म्हणजे केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांमधला बोटाच्या पेराएवढा मासा. तो साडेतीन सेंटिमीटरच्या पुढे जात नाही, तेव्हा पाच सेंटिमीटरचा तुमचा मासा तो नव्हे.

राहता राहिली पाओ नावाची आग्नेय आशियातली प्रजाती. तिच्यातल्या काही जातींच्या कुशीवरही डोळा असतो, आणि तेही दिवसभर दडून बसतात. इथे एक खूण उपयोगी पडते: कटकुटियाची कातडी गुळगुळीत असते, पाओच्या कातडीत बारीक काटे असतात. ते पाहण्यासाठी मासा पाण्याबाहेर काढू नका, मोबाइलच्या टॉर्चचा उजेड बाजूने टाकून काचेतून जवळून फोटो घ्या, कातडीचा पोत कळतो. पण तुमचा मासा पाओ निघाला तरी काळजी नाही. तोही गोड्या पाण्यातला आणि एकटा ठेवायचा. जात बदलली तरी निर्णय तोच राहतो. चूक महागात पडते ती गोडा आणि निमखारा यांची गल्लत झाली तर.

फुगवून तर कधीच पाहू नका. फुगणं हा त्याचा शेवटचा बचाव आहे आणि त्यात त्याची ताकद जाते. हवेत फुगला तर हवा आत अडकते आणि तो उलटा होऊन पृष्ठभागावर तरंगत राहतो. हलवायचा असेल तेव्हा जाळी वापरू नका, प्लास्टिकची बरणी पाण्यात बुडवून त्यात त्याला हाकलून घ्या. तरी हवा गेलीच, तर पाण्याखाली हलक्या हाताने तोंड वर आणि शेपूट खाली असा धरा, हवा तोंडावाटे बाहेर पडते.

आता मीठ. कटकुटियाला मीठ नको. मूठभरही नको. आणि बोअरच्या पाण्याचा तुमचा तर्क इथे चुकतो, पण तो बरेच जण करतात म्हणून नीट सांगतो. टीडीएस १४०० म्हणजे एका लिटरमध्ये १.४ ग्रॅम विरघळलेले क्षार. समुद्राच्या पाण्यात ते सुमारे ३५ ग्रॅम असतात. लहान ग्रीन स्पॉटेड पफरसाठी पाण्याचं विशिष्ट गुरुत्व (शुद्ध पाण्याच्या तुलनेत जडपणा) १.००५ ठेवतात, तेही लिटरला सुमारे ७ ग्रॅम होतात, म्हणजे तुमच्या बोअरच्या पाचपट. शिवाय क्षारांचा प्रकार वेगळा. समुद्रात मुख्य भाग साध्या मिठाचा. आपल्या काळ्या रानातल्या, विशेषतः क्षारपड पट्ट्यातल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट, सल्फेट आणि उसाला दिलेल्या खतातलं नायट्रेट असं मिश्रण असू शकतं. जिभेला खारट लागलं म्हणून ते खाडीचं पाणी होत नाही. तुमच्या बोअरचं पाणी निमखाऱ्या माशाला अपुरं आणि गोड्या पाण्यातल्या माशाला जड, असं दोन्हीकडून गैरसोयीचं आहे.

ज्यांच्याकडे खरोखर ग्रीन स्पॉटेड पफर आहे त्यांच्यासाठी एवढंच सांगतो: स्वयंपाकाचं मीठ किंवा खडेमीठ चालत नाही, कारण त्यात पाण्याचा सामू (पीएच) धरून ठेवणारे कार्बोनेट, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम नसतं. सागरी टाकीसाठी मिळणारं तयार मिश्र मीठ लागतं. शंभर लिटरला १.००५ साठी साधारण ७०० ग्रॅम, तेही वेगळ्या बादलीत रात्रभर हवा सोडून विरघळवून मग टाकीत. दर पंधरा दिवसांनी ०.००२ ने वाढवायचं, म्हणजे फिल्टरमधले अमोनिया मोडणारे जिवाणू तग धरतात. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. आणि उन्हाळ्यात पाणी उडून पातळी खाली गेली तर वरून साधं गोडं पाणी घालायचं, कारण मीठ उडत नाही.

तुमच्याकडे सगळ्यात तातडीचं काम मात्र पाण्याचं नाही. दोन पफर आणि गप्पी-मोली यांना वेगळं करा. आजच. कटकुटिया जागेवरून भांडतो आणि एकमेकांना चावतो. एक दडून बसतो आणि दुसरा मोकळा फिरतो, याचा अर्थ दोन फुटांत एकाने राज्य घेतलं आहे आणि दुसरा बहुधा उपाशी आहे. दडलेल्याच्या परांच्या कडा तुटल्या आहेत का, कुशीवर अर्धगोल चावे आहेत का ते पाहा. गप्पी, मोली, एंजल, गोल्डफिश, कोळंबी, कुणीच सोबतीला चालत नाही. गप्प्यांच्या शेपट्या परत येतील, पण पफरला त्यांची चटक लागली की तो थांबत नाही. वेगळी टाकी मिळेपर्यंत भोकं पाडलेला ॲक्रिलिकचा पत्रा मध्ये बसवा, काचेच्या दोन्ही बाजूंना आणि तळाला घट्ट. अंगठा जाईल एवढीही फट ठेवू नका.

एका पूर्ण वाढलेल्या कटकुटियाला मी तीन फुटी टाकी सुचवीन: ९० × ३८ × ३८ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १३० लिटर. वाळू आणि दगड वजा जाता ११० लिटर पाणी. हा मासा घरच्या टाकीत सहसा आठ-दहा सेंटिमीटरचा होतो, त्यामुळे एवढी मोठी टाकी कशाला असं वाटेल. पोहायला जागा हवी हे खरं, पण मोठं कारण घाण. पफर मांसाहारी आहे, शिंपले-गोगलगाई फोडून खातो आणि अर्धं सांडतो. दोन फुटीत भरतं पंचेचाळीस लिटर, तेवढ्या पाण्यात एका जेवणाचा अमोनिया लगेच जाणवतो. सध्याची दोन फुटी टाकी एका माशाला वर्षभर चालेल, पण पाणी बदलण्याचं काम दुप्पट होईल.

तळाला बारीक धुतलेली नदीची वाळू, चार-पाच सेंटिमीटर. टोकदार क्रशसँड नको, कातडीला खवले नाहीत, ओरखडे लगेच येतात. दगडांच्या कपारी, फुटक्या कुंडीचे अर्धे भाग, जावा फर्न आणि अनुबियाससारखी दगडाला बांधता येणारी झाडं ठेवा. एका नजरेत सगळी टाकी दिसता कामा नये. मासा रिकाम्या काचेवर वर-खाली फेऱ्या मारतो तेव्हा बहुतेकदा कारण हेच असतं: आडोसा नाही आणि काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसतं. मागच्या आणि बाजूच्या काचेला बाहेरून काळा कागद लावला की ते बरंच कमी होतं.

पाण्याबद्दल तुमच्या गावाप्रमाणे उत्तर बदलतं. साताऱ्यात कासचं पाणी येणाऱ्या भागात पाणी मुळातच मऊ आहे, तिथे सामू घसरू नये म्हणून लक्ष ठेवावं लागतं. सांगलीत कृष्णेचं महापालिकेचं पाणी या माशाला एकटंच पुरेसं आहे. बोअरचा वाटा काढून टाका, पण एका दिवसात नको. तीन आठवडे मासा निम्म्या-निम्म्या पाण्याला सरावला आहे. प्रत्येक वेळी पाणी बदलताना बोअरचा भाग कमी करत दोन आठवड्यांत शून्यावर या. नळाला पाणी कमी येत असेल तर घरच्या आरओचं शुद्ध पाणी तीन भाग आणि बोअर एक भाग, असं मिश्रण साधारण ४०० टीडीएसच्या आसपास येतं, ते चालतं. नुसतं आरओचं पाणी नको, त्यात क्षार फारच कमी उरतात. आरओमधून बाहेर टाकलेलं पाणी तर अजिबात नको.

महापालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन काढायला हवं. नदी गढूळ असते तेव्हा तुरटी आणि क्लोरीन दोन्हींचं प्रमाण बदलतं, म्हणून उन्हाळ्यात चाललेला हिशोब पावसाळ्यात चालेलच असं नाही. ग्रामपंचायतीत पाणी तपासायला जी ओटी टेस्ट करतात तेच थेंब आणून ठेवा, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. सोडियम थायोसल्फेट १०० ग्रॅम एका लिटर पाण्यात विरघळवून ठेवलं तर १० लिटर नळाच्या पाण्याला १ मिली पुरतं. एक मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण सात मिलिग्रॅम थायोसल्फेट लागतं, त्यावरून हा हिशोब येतो. पिवळा रंग गडद आला तर २ मिली. नंतर पुन्हा थेंब टाकून खात्री करा आणि मगच पाणी टाकीत.

टाकी जुनी आहे, पण फिल्टर छोटा असेल तर तो गप्प्यांपुरताच तयार झालेला असतो. पफर आल्यावर अमोनिया वाढतो आणि तो मोडणाऱ्या जिवाणूंना वाढायला तीन ते पाच आठवडे लागतात. या काळात अमोनिया आणि त्यातून तयार होणारं, तेही विषारी नायट्राइट दर दोन दिवसांनी थेंबांच्या किटने तपासा. दोन्ही शून्य हवेत. अमोनिया ०.२५ दिसला की त्याच दिवशी ३० टक्के पाणी बदला. आणि इथे बोअरचं पाणी आणखी एका कारणाने नडतं: सामू ७ वरून ८ वर गेला की त्याच अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. म्हणजे किटवर आकडा तोच, पण मासा श्वासासाठी वर येतो. एखाद्याची निरोगी, जुनी टाकी असेल तर तिथला वापरलेला स्पंज मागून आणा आणि आपल्या फिल्टरमध्ये बसवा, आठवडे वाचतात. कायमची व्यवस्था म्हणून टाकीच्या काचेवर टांगायचा एक हँग-ऑन फिल्टर आणि सोबत एक मोठा स्पंज फिल्टर, असे दोन ठेवा. स्पंज टाकीतल्या काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नळाखाली नाही. दर आठवड्याला ३० ते ४० टक्के पाणी बदलणं हे पुढे कायम.

दाणेदार खाद्य तो बहुधा कधीच खाणार नाही, त्यासाठी त्याला उपाशी ठेवू नका. पफरला दात चार, एकमेकांना जुळून झालेली चोच. ती जन्मभर वाढत राहते. म्हणून खाणं हे पोटासाठी जितकं, तितकंच चोच झिजवण्यासाठी. आठवड्यातून निदान दोन-तीनदा कवच असलेलं खाद्य हवं. सगळ्यात उत्तम म्हणजे पाण्यातल्या छोट्या गोगलगाई, माशाच्या डोळ्याएवढ्या किंवा थोड्या मोठ्या. पातळ कवचाच्या गोल आणि थेंबाच्या आकाराच्या चालतात. सुईसारख्या लांबट, जाड कवचाच्या टाळा, त्यांनी चोचीचा टवका उडू शकतो.

गोगलगाई कालव्यातून किंवा उसाच्या पाटातून गोळा करू नका. फवारणीचा अंश त्यांच्यात असू शकतो, आणि रानातल्या गोगलगाई परजीवींच्या वाहक असतात. त्याऐवजी वीस लिटरच्या टबमध्ये घरीच वाढवा. इथे तुमचं बोअरचं पाणी खरंच कामाचं आहे: कॅल्शियम भरपूर, कवचं मजबूत होतात. उकळत्या पाण्यातून काढलेली पालकाची पानं, काकडीची सालं आणि वाळवून चुरलेली अंड्याची कवचं एवढं त्यांना पुरतं. टबमध्ये छोटा एअर पंप सोडा आणि रोज उरलेलं काढा. दोन महिन्यांत एका माशाला पुरेल एवढी वाढ होते.

बाकीच्या दिवशी गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या), गांडुळाचे तुकडे (गांडूळखताच्या बेडमधले, स्वच्छ पाण्यात काही तास ठेवून), सालासकट कोळंबीचा तुकडा, छोट्या खेकड्याचे पाय. मासळी बाजारातली कोळंबी मीठ किंवा बर्फातल्या औषधाचा वास येत नसेल तरच घ्या आणि धुऊन गोठवा. फक्त कोळंबीवर ठेवू नका. कच्च्या कोळंबीत आणि काही शिंपल्यांत थायामिनेज नावाचं द्रव्य असतं, ते जीवनसत्त्व ब-१ मोडतं. महिनोन्महिने तेवढंच घातलं तर मासा हळूहळू झिजतो आणि कारण लक्षात येत नाही. जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल कृमी) मी देत नाही, ती गटारातून येते. डासांच्या अळ्या पफरला आवडतात, पण सांगलीत डेंग्यूचा धोका खरा आहे. पाळायच्याच असतील तर भांड्यावर मच्छरदाणीची जाळी ताणून बांधा आणि कोरड्या दिवसाची (आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून कोरडी करण्याची) शिस्त त्या भांड्यालाही लावा.

पाच सेंटिमीटरच्या माशाला रोज एकदा, थोडं. पूर्ण वाढल्यावर एक दिवसाआड. पोट किंचित गोल झालं की थांबायचं. तो तुम्हाला पाहून काचेशी येईल आणि मागत राहील, ते भुकेचं लक्षण धरू नका. अर्ध्या तासात उरलेलं चिमट्याने काढा.

चोच वाढल्याची खूण अशी: मासा खाद्यावर झडप घालतो, तोंडात घेतो आणि टाकून देतो, किंवा तोंड पूर्ण मिटत नाही. वरचे-खालचे दात बाहेर दिसतात. असं झालं तर चोच कापावी लागते. हे पहिल्यांदा एकट्याने करू नका, कुणी केलेलं पाहा किंवा सरावाच्या माणसाला बोलवा. पद्धत सांगतो म्हणजे काय होणार ते कळेल. लवंगेचं तेल पाण्यात आपोआप मिसळत नाही, म्हणून दोन थेंब छोट्या बाटलीत कोमट पाणी घेऊन जोरात हलवायचे. टाकीतलंच एक लिटर पाणी भांड्यात, मासा त्यात, आणि हे मिश्रण थोडं थोडं ओतत जायचं. मासा कुशीवर कलंडला पण कल्ले हलत आहेत, एवढ्यावर थांबायचं. ओल्या मऊ कापडात पाण्यालगत धरून नखांच्या बारीक निपरने टोकाचा तुकडा काढायचा, अर्ध्या मिनिटात. लगेच हवा सोडलेल्या स्वच्छ पाण्यात. कल्ल्यांची हालचाल थांबली तर काम अर्धवट सोडून आधी ताज्या पाण्यात. गोगलगाई नियमित दिल्या तर ही वेळ सहसा येत नाही.

नद्यांमधून पकडलेल्या पफरला पोटात जंत असणं नेहमीचं, आणि बाजारातले बहुतेक कटकुटिया पकडलेलेच असतात. मासा खातो पण पोट आत गेलेलं, पाठीची धार दिसते, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी, असं दिसलं तर संशय घ्या. दडून बसणाऱ्याचं पोट आधी तपासा. मात्र तो उपाशी असल्यानेही खपाटीला गेलेलं असू शकतं, म्हणून वेगळा करून आठवडाभर व्यवस्थित खाऊ घाला आणि मग ठरवा. गोल जंतांवर लेव्हामिसोल चालतं, लिटरला २ मिलिग्रॅम, चोवीस तास. जनावरांच्या औषध दुकानात मिळणाऱ्या ७.५ टक्के द्रावणात मिलीला ७५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे १०० लिटर पाण्याला साधारण २.७ मिली. बाटलीवरचं प्रमाण वाचल्याशिवाय मोजू नका, आणि टाकीच्या मापावरून नव्हे तर आतल्या खऱ्या पाण्यावरून मोजा. दिवे बंद, फिल्टरमधला कार्बन काढलेला, हवा जोरात. चोवीस तासांनी तळाची घाण ओढून निम्मं पाणी बदला, कारण बाहेर पडलेले जंत तो पुन्हा खाऊ शकतो. दोन-तीन आठवड्यांनी एकदा पुन्हा. पट्टकृमींवर याचा परिणाम होत नाही, त्यासाठी प्राझिक्वान्टेल लागतं. डोसाबद्दल शंका असेल तर पशुवैद्याला विचारा. तांबं असलेली औषधं पफरच्या टाकीत घालू नका. गोगलगाई मारायच्या म्हणून विकतात ती बहुतेक तांब्याचीच असतात.

काही गोष्टी पाहून घाबरू नका. झोपताना तो शेपूट एका बाजूला मुडपून घेतो. रंग दिवसभरात गडद-फिकट होतो, पोटावर थोडी राखाडी झाक येते आणि जाते. ती झाक दोन दिवस टिकली, किंवा कल्ल्यांची हालचाल जलद झाली, तर आधी अमोनिया तपासा, औषध नंतर. पफरच्या अंगात विष असू शकतं, म्हणून मेलेला मासा कचऱ्यात उघडा टाकू नका, मांजर खाईल. कागदात गुंडाळून खोल पुरा. दुसरा मासा नको असेल तर दुकानात परत द्या किंवा गोड्या पाण्याचा पफर सांभाळू शकणाऱ्याला द्या. कृष्णेत, कालव्यात, शेततळ्यात सोडू नका. तो तिथला नाही, आणि आपल्या नद्यांमध्ये टाकीतून सुटलेल्या माशांचा त्रास आधीच आहे.

तापमान २४ ते २८ अंश. सांगलीत मे महिन्यात बाहेर चाळिशी गाठली की टाकीचं पाणी ३१-३२ वर जातं. टाकीचं झाकण काढून जाळी लावा आणि पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा, दोन-तीन अंश उतरतात. बर्फ टाकू नका. डिसेंबरच्या रात्री पाणी वीसच्या खाली गेलं तर हीटर हवा, शंभर लिटरला शंभर वॉट पुरतो.

वीज जाण्याची तयारी मात्र पावसाळ्याआधी करून ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णाकाठच्या भागांत वीज बराच काळ नव्हती, हे तुम्हाला सांगायला नको. बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि त्याला जोडलेला स्पंज फिल्टर असला की जिवाणू आणि मासा दोन्ही तगतात. वीज नसेल तोवर खाऊ घालू नका, निरोगी पफर चार-पाच दिवस सहज काढतो. हँग-ऑन फिल्टर काही तासांपेक्षा जास्त बंद राहिला असेल तर तो तसाच सुरू करू नका. आत कुजलेलं पाणी सरळ टाकीत येतं. आधी ते ओतून टाका, स्पंज टाकीच्या पाण्यात खळबळून घ्या, मग चालू करा. त्या दिवशी पाणी तपासा आणि अमोनिया शून्य दिसला की एक-दोन गोगलगाईंपासून खाणं पुन्हा सुरू करा.